फ्रेड हॅलिडे आणि क्रांतीचं परराष्ट्रकारण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला सत्तासमतोल, वास्तववाद, उदारमतवाद हे सगळं पहिल्या सत्रातच पाठ होतं. क्रांती मात्र एखाद्या तासिकेत उरकली जाते. फ्रेड हॅलिडे यांनी जवळपास चाळीस वर्षं याच विषयाला दिली. त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या मांडणीबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही प्रश्न एका ओळीत संपतात, काहींना वेळ द्यावा लागतो.

फ्रेड हॅलिडे कोण होते?

आयरिश राज्यशास्त्रज्ञ. जन्म २२ फेब्रुवारी १९४६ चा, डब्लिनमधला. बालपण उत्तर आयर्लंडच्या सीमेलगतच्या डंडॉक गावात गेलं. ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकले, मग लंडनच्या सोआसमध्ये (आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाची संस्था) मध्यपूर्वेकडे वळले. १९८३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुजू झाले, १९८५ मध्ये तिथेच आंतरराष्ट्रीय संबंधांचे प्राध्यापक झाले आणि २००८ पर्यंत शिकवत राहिले. शेवटची दोन वर्षं बार्सिलोनात काढली. तिथेच २६ एप्रिल २०१० रोजी त्यांचं निधन झालं.

क्रांती ही तर देशांतर्गत घटना. तिचा आंतरराष्ट्रीय संबंधांशी काय संबंध?

हॅलिडे यांचं सगळं काम म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यांची तक्रार दोन्ही बाजूंबद्दल होती. समाजशास्त्रज्ञ क्रांतीची कारणं शेतकरी, वर्ग, राज्यसंस्था यांच्यात शोधत आणि परदेश हा त्यांच्यासाठी पार्श्वभूमीचा पडदा असे. आंतरराष्ट्रीय संबंधवाले याच्या उलट. त्यांच्या लेखी राज्य ही बंद पेटी, आत काय उलथापालथ होते याच्याशी कर्तव्य नाही. क्रांती म्हणजे नेहमीच्या व्यवहारात आलेला व्यत्यय, काही वर्षांत तो निवळतो, अशी समजूत.

हॅलिडे म्हणाले, जरा १७८९ पासूनचा हिशोब मांडून बघा. फ्रान्सचा खजिना रिकामा झाला त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावरचा खर्च होता. रशियात झारशाही पडली ती पहिल्या महायुद्धात. चीनमध्ये कम्युनिस्ट उभे राहिले ते जपानी आक्रमणाच्या काळात. म्हणजे क्रांतीच्या कारणातच परदेश आहे. सत्ता हाती आल्यावर क्रांतिकारक शेजाऱ्यांना हाक देतात, शेजारी घाबरून सैन्य हलवतात, लढाई होते आणि त्या लढाईमुळे क्रांतीचं घरातलं रूपही बदलतं. शेवटी क्रांती मोडते किंवा मवाळ होते तीसुद्धा बहुतेकदा बाहेरच्या दबावाखाली. हे सगळं वगळून क्रांतीही समजत नाही आणि गेल्या सव्वादोनशे वर्षांचं जागतिक राजकारणही नाही.

'सहावी महासत्ता' हा शब्दप्रयोग कुठून आला?

मार्क्सकडून. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'साठी लिहिताना त्याने म्हटलं होतं की युरोपात पाच महासत्ता म्हणवल्या जातात, पण या पाचांनाही थरकाप भरवणारी सहावी एक आहे, ती म्हणजे क्रांती. पाच म्हणजे ब्रिटन, फ्रान्स, रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया. हॅलिडे यांनी १९९९ मध्ये आलेल्या 'रिव्होल्युशन अँड वर्ल्ड पॉलिटिक्स' या आपल्या मुख्य ग्रंथाच्या उपशीर्षकात हीच उपमा घेतली आणि तिला 'उदय आणि अस्त' अशी जोड दिली. त्यातला 'अस्त' हा शब्द मार्क्सला नक्कीच रुचला नसता.

ते नुसते ग्रंथालयात बसणारे अभ्यासक होते का?

अजिबात नाही. १९६९ ते १९८३ ते 'न्यू लेफ्ट रिव्ह्यू' या डाव्या नियतकालिकाच्या संपादक मंडळावर होते. १९७० मध्ये, वय चोवीस, ते ओमानच्या धोफार प्रांतात बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात जाऊन आले. तेव्हाच्या ओमानमध्ये सुलतान सईद बिन तैमूरचं राज्य होतं. अख्ख्या देशात तीनच शाळा आणि मस्कतच्या वेशीचे दरवाजे रात्री बंद होत. त्याच वर्षी जुलैमध्ये मुलाने, काबूसने, ब्रिटिशांच्या मदतीने बापाला गादीवरून उतरवलं. या प्रवासातून पुढे १९७४ मध्ये 'अरेबिया विदाउट सुलतान्स' हे पुस्तक आलं. पुस्तकाचा सूर आज वाचताना भाबडा वाटतो, अरबस्तानातले सुलतान आणि अमीर आता गेलेच असा. ते गेले नाहीत. पण तिथल्या चळवळींची इतकी बारीक माहिती त्या वेळी इंग्रजीत दुसरीकडे क्वचितच मिळत होती.

पीएचडीसाठी दक्षिण येमेन का निवडला? इतका छोटा देश!

छोटा म्हणूनच. दक्षिण येमेनची राजधानी एडन. मराठी वाचकाला हे शहर आठवतं ते वासुदेव बळवंत फडके यांच्यामुळे. १८८३ मध्ये त्यांचा शेवट तिथल्या तुरुंगात झाला, तेव्हा एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत असे. ब्रिटिश तिथून निघाले ते ३० नोव्हेंबर १९६७ ला. सत्ता आली ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या नॅशनल लिबरेशन फ्रंट या संघटनेकडे आणि काही वर्षांत हा अरब जगातला एकमेव मार्क्सवादी देश बनला.

आता त्याची परिस्थिती पाहा. जून १९६७ च्या युद्धामुळे सुएझ कालवा बंद झालेला, तो १९७५ पर्यंत उघडला नाही. एडनचं पोट बंदरावर, आणि बंदरात जहाजंच येईनात. ब्रिटिश तळ उठला तसा त्यावर चालणारा रोजगारही गेला. उत्तरेला सौदी अरेबिया, जो या राजवटीला मान्यता द्यायलाच तयार नाही. शेजारी उत्तर येमेन, ज्याच्याशी एकत्र येण्याच्या आणाभाका चालू आणि १९७२ व १९७९ मध्ये लढायाही झालेल्या. पूर्वेला ओमान, जिथल्या धोफारी बंडखोरांना एडन शस्त्रं, तळ आणि रेडिओ पुरवत होतं.

हॅलिडे यांनी १९६७ ते १९८२ या पंधरा वर्षांचं परराष्ट्रधोरण उलगडून दाखवलं. धोफारचं बंड १९७५ च्या अखेरीस मोडलं. ओमानच्या बाजूने ब्रिटिश अधिकारी होते आणि इराणच्या शहाने आपलं सैन्यही पाठवलं होतं. त्यानंतर एडनने १९७६ मध्ये सौदीशी राजनैतिक संबंध जोडले आणि १९८२ मध्ये ओमानशी समझोता केला. वरवर पाहता क्रांतिकारक देश 'शहाणा' झाला. पण हॅलिडे दाखवतात की प्रत्येक वळणावर एडनमधल्या पक्षातच दोन तट पडत होते आणि परराष्ट्रधोरण हा त्या भांडणाचा आखाडा होता. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सालिम रुबाय अलींना देहदंड झाला. जानेवारी १९८६ मध्ये नेत्यांच्या दोन गटांनी एडन शहरातच एकमेकांवर बंदुका रोखल्या. चार वर्षांनी, मे १९९० मध्ये, देशच उत्तर येमेनमध्ये विलीन झाला.

प्रबंध १९८५ चा, पुस्तक १९९० चं. माझ्या मते त्यांचं हे सर्वांत टिकाऊ काम आहे. मोठ्या सिद्धांताच्या पुस्तकात ते कधीकधी घाईने पुढे जातात. इथे कुणी कुणाला कधी किती मदत दिली आणि त्या बदल्यात काय मागितलं, हे नीट मांडलेलं आहे.

क्रांती 'निर्यात' करता येते का?

क्रांतिकारकांना सुरुवातीला तसं वाटतं खरं. फ्रान्सच्या क्रांतिकाळातल्या संसदेने, कन्व्हेन्शनने, १९ नोव्हेंबर १७९२ ला ठराव केला की स्वातंत्र्य मिळवू पाहणाऱ्या सर्व जनतेला फ्रान्स बंधुभावाने मदत करील. पाच महिनेही झाले नाहीत तोच, एप्रिल १७९३ मध्ये, क्रांतिकारक नेता दाँतोंच्या पुढाकाराने दुसरा ठराव झाला : इतर देशांच्या कारभारात फ्रान्स ढवळाढवळ करणार नाही. मधल्या काळात राजाचं डोकं उडालं होतं आणि युद्ध ब्रिटन, हॉलंड, स्पेनपर्यंत पसरलं होतं.

रशियात हीच गोष्ट दुसऱ्या चालीवर झाली. परराष्ट्रखातं हाती आल्यावर बोल्शेविक नेता ट्रॉट्स्की म्हणाला होता, जगातल्या जनतेसाठी दोनचार क्रांतिकारक जाहीरनामे काढतो आणि मग दुकान बंद करतो. जाहीरनामे निघाले, झारने केलेले गुप्त करारही चव्हाट्यावर आणले गेले. पण दुकान काही बंद झालं नाही. मार्च १९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्कला जर्मनीपुढे मान तुकवून तह करावा लागला आणि १९२२ मध्ये रापालो इथे त्याच जर्मनीशी रीतसर करार झाला. गंमत अशी की याच काळात, १९१९ मध्ये, कॉमिन्टर्न ही जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांची संघटनाही स्थापन झाली होती. एका हाताने दूतावास चालवायचा, दुसऱ्या हाताने त्याच देशातल्या उठावाला खतपाणी घालायचं.

या दुहेरी वागण्याला हॅलिडे ढोंग म्हणत नाहीत. क्रांतिकारक राज्याला राज्य म्हणून टिकायचं असतं आणि क्रांती म्हणून पसरायचंही असतं, दोन्ही गरजा खऱ्या असतात. शस्त्रं आणि पैसा पाठवून दुसऱ्या देशात क्रांती उभी राहिल्याची उदाहरणं फार थोडी. बोलिव्हियात चे गेव्हाराचं १९६७ मध्ये काय झालं ते सर्वांना माहीत आहे. पण नुसत्या उदाहरणाने, म्हणजे 'त्यांनी करून दाखवलं' एवढ्याने, क्रांती दूरवर पोचते. सत्ताधाऱ्यांना खरी धास्ती याचीच असते.

मग काही वर्षांनी क्रांतिकारक देश इतरांसारखा होतोच ना?

हा रूढ समज. दूतावास उघडले, संयुक्त राष्ट्रांत जागा मिळाली, की देश माणसाळला असं मानतात. हॅलिडे यांना हे पटत नसे आणि त्यासाठी ते अठराव्या शतकातला ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क याचा आधार घेत. मार्क्सच्या मुशीतला माणूस पुराणमतवादी बर्कचा आधार घेतो याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. १७९६ मध्ये फ्रान्सशी तह करू नका असं सांगताना बर्कचा युक्तिवाद होता की युरोपातल्या देशांची शांतता केवळ तहांवर उभी नाही. त्यांचे कायदे, धर्म, रीतिरिवाज, मालमत्तेची व्यवस्था एकमेकांसारखी आहे, म्हणून ते एकत्र नांदतात. एका देशात ही व्यवस्था उलटली की बाकीच्यांच्या घराला धोका, मग तो देश कितीही सभ्यपणे वागो.

हॅलिडे यांनी निदान बर्ककडून घेतलं, उपाय नाही. जोवर आतली व्यवस्था वेगळी आहे तोवर संघर्ष संपत नाही, फार तर थंड होतो. अमेरिका आणि चीन यांचे पूर्ण राजनैतिक संबंध १ जानेवारी १९७९ ला सुरू झाले. चिनी नेते डेंग यांच्या आर्थिक सुधारणांना नुकतीच, डिसेंबर १९७८ मध्ये, दिशा मिळाली होती, म्हणजे आतली व्यवस्था बदलू लागली होती. आणि अमेरिका-इराण संबंध एप्रिल १९८० मध्ये तुटले ते तुटलेच.

क्रांतीपाठोपाठ युद्ध का येतं?

यावर हॅलिडे यांच्याइतकंच स्टीफन वॉल्ट यांचं १९९६ चं 'रिव्होल्युशन अँड वॉर' वाचावं. वॉल्ट वास्तववादी गोटातले, म्हणजे राज्यं सत्ता आणि सुरक्षितता यांच्याच हिशोबाने वागतात असं मानणारे, पण निरीक्षण मार्मिक आहे : क्रांतीनंतर दोन्ही बाजूंचा अंदाज एकाच वेळी चुकतो. सप्टेंबर १९८० मध्ये सद्दाम हुसेनने इराणवर चाल केली ती इराणचं सैन्य खिळखिळं झालंय आणि इराणच्याच खुझेस्तान प्रांतातले अरब आपलं स्वागत करतील या हिशोबाने. त्यांनी केलं नाही. १९८२ मध्ये इराकने बळकावलेलं खुर्रमशहर परत घेतल्यावर इराणी सैन्य इराकमध्ये शिरलं ते तिथले शिया उठाव करतील या भरवशावर. तेही उठले नाहीत. युद्ध ऑगस्ट १९८८ पर्यंत चाललं. वॉल्ट आणि हॅलिडे यांच्यातला फरक एवढाच की वॉल्टना यात गैरसमज दिसतो, हॅलिडेंना खरा विरोध.

इराणच्या क्रांतीचं भाकीत त्यांनी केलं होतं का?

अर्धवट. 'इराण : डिक्टेटरशिप अँड डेव्हलपमेंट' हे पुस्तक शहा पडण्याच्या अगदी तोंडावर आलं. तेलाच्या पैशावर फुगलेलं राज्य, सावाक ही गुप्तहेर संस्था, कामगारांची अवस्था हे सगळं त्यात चोख आहे. राजवट वरून दिसते तितकी भक्कम नाही, हेही आहे. नेतृत्व मात्र मौलवींकडे जाईल हे त्यांना दिसलं नाही. त्या वेळच्या डाव्या अभ्यासकांपैकी फारच थोड्यांना दिसलं.

थीडा स्कॉचपोल आणि हॅलिडे यांच्यात फरक काय?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्कॉचपोल यांचं 'स्टेट्स अँड सोशल रिव्होल्युशन्स' १९७९ मध्ये आलं, इराणमध्ये क्रांती झाली त्याच वर्षी. क्रांत्या कुणी घडवत नाही, त्या येतात, ही त्यांची भूमिका. आंतरराष्ट्रीय दडपणाला त्यांनी महत्त्व दिलं, त्याचं श्रेय हॅलिडे देतात. पण विचारसरणी आणि नेतृत्व यांना स्कॉचपोल यांच्या मांडणीत जागा नव्हती. इराणने पंचाईत केली. १९८२ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की जाणीवपूर्वक 'घडवलेली' क्रांती असेल तर ती हीच. शिवाय स्कॉचपोल यांच्याकडे बाहेरचा दबाव क्रांती होईपर्यंत महत्त्वाचा, हॅलिडेंकडे क्रांती झाल्यावर खरी गोष्ट सुरू होते.

शीतयुद्धाबद्दल त्यांचं वेगळं म्हणणं काय होतं?

शीतयुद्ध म्हणजे दोन महासत्तांची नुसती ओढाताण असती तर १९७० च्या दशकातल्या मैत्रीपर्वानंतर ते पुन्हा का पेटलं? १९८३ च्या 'द मेकिंग ऑफ द सेकंड कोल्ड वॉर'मध्ये त्यांनी बोट ठेवलं ते तिसऱ्या जगावर. १९७४ ते १९८० या काळात चौदा देशांत क्रांत्या झाल्या : इथिओपिया, गिनी-बिसाऊ, मोझांबिक, केप वर्दे, साओ तोमे, अंगोला, कंबोडिया, व्हिएतनाम, लाओस, अफगाणिस्तान, इराण, ग्रेनाडा, निकाराग्वा, झिम्बाब्वे. यातली बहुतेक मॉस्कोने घडवलेली नव्हती, तरी वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांचा हिशोब एकाच खात्यावर मांडला गेला. शीतयुद्ध हा दोन भिन्न समाजव्यवस्थांमधला संघर्ष आहे, ही त्यांची भूमिका तिथूनच.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर ते काय म्हणाले?

पश्चिमेच्या तोफांनी नाही, टी-शर्ट आणि सुपरमार्केटने त्या व्यवस्थेचा मान घालवला असं म्हणाले. लष्करी बरोबरी साधलेली व्यवस्था राहणीमानाच्या तुलनेत हरली. हे विधान तेव्हा अनेक डाव्या मित्रांना झोंबलं.

ते शेवटपर्यंत मार्क्सवादी राहिले का?

प्रश्न सरळ आहे, उत्तर नाही. १९९१ मध्ये कुवेतमधून इराकला हुसकावण्याच्या युद्धाला त्यांनी पाठिंबा दिला आणि जुने सोबती दुरावले. त्यांचं म्हणणं असं की साम्राज्यवादाला विरोध करायचा म्हणून सद्दामसारख्या हुकूमशहाची पाठराखण करायची, हा डावेपणा नव्हे. धर्माच्या नावाने चालणाऱ्या हिंसेबद्दलही ते स्पष्ट बोलत, आणि इस्लाम विरुद्ध पश्चिम या मांडणीचीही तितकीच खिल्ली उडवत. १९९६ च्या पुस्तकात त्यांनी या 'संघर्षा'ला मिथक म्हटलं. भांडवलशाहीचा असमान विकास हा क्रांत्यांच्या मुळाशी आहे, हा मार्क्सवादी धागा मात्र १९९९ च्या ग्रंथातही शाबूत आहे. धागा कायम, पक्षनिष्ठा सुटलेली, असं म्हणता येईल.

त्यांना किती भाषा येत होत्या?

अरबी, फारसी, रशियन, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि आणखी काही. परदेशी राजकारणावर नुसत्या इंग्रजीच्या जोरावर लिहिणाऱ्यांबद्दल त्यांना फार आदर नव्हता.

लिबियाच्या देणगीचं प्रकरण काय होतं?

२००९ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला लिबियाचा हुकूमशहा मुअम्मर गद्दाफीचा मुलगा सैफ अल-इस्लाम प्रमुख असलेल्या संस्थेकडून १५ लाख पौंडांची देणगी देऊ करण्यात आली. सैफने आदल्या वर्षी तिथूनच पीएचडी घेतली होती. हॅलिडे यांनी संस्थेच्या कौन्सिलला लेखी विरोध कळवला. लिबियाची राजवट सुधारते आहे हा समज त्यांनी खोडून काढला आणि संस्थेच्या नावाला बट्टा लागेल असं बजावलं. कौन्सिलने देणगी स्वीकारली. फेब्रुवारी २०११ मध्ये लिबियात उठाव झाला, मार्चमध्ये संस्थेचे संचालक हॉवर्ड डेव्हिस यांनी राजीनामा दिला. आपलं म्हणणं खरं ठरलेलं पाहायला हॅलिडे उरले नव्हते. अभ्यासक म्हणून हे टिपण त्यांच्या पुस्तकांइतकंच बोलकं आहे, कारण राजवट आतून कशी आहे यावरून ती बाहेर कशी वागेल हे ओळखायचं, ही त्यांची जन्मभराची पद्धत त्यात दिसते.

त्यांच्यावर टीका कोणती होते?

मुख्य टीका अशी की उदाहरणं भरपूर, सिद्धांत सैल. क्रांती कशाला म्हणायचं, याची त्यांची व्याख्या फ्रान्स-रशिया-चीन या साच्यावर बेतलेली आहे, त्यामुळे वाटाघाटीतून झालेले सत्ताबदल तिच्यात नीट बसत नाहीत. टीका रास्त आहे. असमान आणि संयुक्त विकासाची (मागे पडलेले देश पुढारलेल्यांच्या दबावाखाली जुनं-नवं मिसळत वेगळ्याच वाटेने बदलतात) जी कल्पना त्यांनी ट्रॉट्स्कीकडून घेऊन नुसती पुढे ठेवली, तिची रीतसर बांधणी नंतर आंतरराष्ट्रीय संबंधांचेच अभ्यासक जस्टिन रोझेनबर्ग यांनी केली. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत-समर्थक सरकारबद्दल त्यांनी दाखवलेली सहानुभूती हाही वादाचा मुद्दा राहिला.

२०११ चे अरब उठाव त्यांच्या चौकटीत बसतात का?

कारणांच्या बाबतीत वाद होईल, पुढच्या घटनाक्रमाबाबत फारसा नाही. ट्युनिशियाचं उदाहरण काही आठवड्यांत कैरोला पोचलं. मार्च २०११ मध्ये सौदी सैन्य बहारीनमध्ये उतरलं, त्याच महिन्यात लिबियावर पाश्चात्त्य देशांचे हवाई हल्ले सुरू झाले. सीरियात इराण, रशिया, तुर्की, आखाती देश, अमेरिका असे सगळेच उतरले. कुठल्या शहरात निदर्शनं सुरू झाली यावरून निकाल सांगता आला नसता, कुणाचा शेजारी कोण यावरून बराच सांगता आला असता.

पहिलं काय वाचावं?

सिद्धांताची आवड असेल तर १९९४ चं 'रीथिंकिंग इंटरनॅशनल रिलेशन्स', कारण त्यातले लेख सुटे वाचता येतात. १९९९ चा मोठा ग्रंथ पहिल्या पानापासून सलग वाचायला घेऊ नका. क्रांतिकारक देशांच्या परराष्ट्रधोरणावरचा आणि युद्धावरचा भाग आधी वाचा, मग मागे या. मध्यपूर्वेत रस असेल तर २००५ चं, शंभर गैरसमज एकेक करून खोडणारं पुस्तक हलकंफुलकं आहे. आणि वेळ असेल, एखाद्या ग्रंथालयात सापडलं, तर दक्षिण येमेनवरचं. नकाशा शेजारी ठेवून वाचा, गावांची आणि गटांची नावं सुरुवातीला डोक्यावरून जातात.